खऱ्या वापरातून इंग्रजी वाक्यरचना : वाक्यसंग्रहाच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२४

वाचनालयात संध्याकाळी भरणाऱ्या अभ्यासगटासाठी हा संग्रह करायला घेतला आहे. गटातले बहुतेक जण मराठी माध्यमात शिकलेले आणि आता पोटापाण्याला लागलेले आहेत. त्यांत एक परिचारिका आहे, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळणारा एक तरुण आहे, पतसंस्थेतली एक रोखपाल आहे आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे दोघे आहेत. काळांची कोष्टके सर्वांना तोंडपाठ आहेत. रिकाम्या जागा भरायला दिल्या तर क्वचितच चूक होते, पण साहेबांना ईमेल लिहायची वेळ आली की त्याच कोष्टकातले एकही वाक्य हाताशी येत नाही. म्हणून कोष्टके बाजूला ठेवून उलट्या टोकाने जायचे ठरवले आहे.

नियम एकच ठेवला आहे. कोणीतरी खरोखर काही काम साधण्यासाठी बोललेले किंवा लिहिलेले वाक्य तेवढेच घ्यायचे, व्याकरण शिकवण्यासाठी रचलेले उदाहरण घ्यायचे नाही. प्रत्येक कार्डावर वाक्य, ते कोणी कोणाला उद्देशून म्हटले आणि ते कोठे मिळाले, एवढे लिहायचे. साहित्य म्हणजे पोस्टकार्डाच्या आकाराची कोरी कार्डे, बुटांची रिकामी खोकी आणि वाचनालयाचा जुना संगणक. कार्डांना आणि झेरॉक्सला मिळून सुमारे साडेचारशे रुपये लागतील असे दिसते. कार्डांवरची वाक्ये रोमन लिपीत आहेत. या नोंदींत मात्र ती सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत.

११ जून

पहिली खेप फुकट गेली. सर्वांत सहज मिळणारे इंग्रजी म्हणून वर्तमानपत्रांचे मथळे आणि रस्त्यावरच्या पाट्या जमवल्या. खोके लवकर भरले, पण डिस्पॅचच्या तरुणाने दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या ईमेलमध्ये ‘मॅनेजर टू व्हिजिट प्लांट ऑन मंडे’ असे लिहिले आणि दोष कोठे आहे ते समोर आले. मथळ्याचे व्याकरण स्वतंत्र असते. त्यात ‘अ’ आणि ‘द’ गाळतात, काल घडलेली गोष्ट साध्या वर्तमानकाळात सांगतात आणि पुढे व्हायची गोष्ट नुसत्या ‘टू’ने सांगतात. जागा वाचवण्यासाठी केलेली ही काटछाट वाचणाऱ्याला कळते, पण ती पत्रात उतरली की वाक्य लंगडे होते.

ही कार्डे फेकलेली नाहीत, कारण मथळे वाचता येण्यासाठी ती लागतीलच. त्यांचे खोके वेगळे करून त्यावर ‘फक्त वाचण्यासाठी’ असे लिहिले आहे. या कामास हात घालणाऱ्याने पाट्या, मथळे आणि पाककृती पहिल्या महिन्यात दूर ठेवाव्यात. आमचा जवळपास आठवडा त्यात गेला.

१९ जून

परिचारिका ताईंनी औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणल्या. एकाच पट्टीवर दोन प्रकारचे इंग्रजी सापडले. कायद्याने छापावी लागणारी सूचना अशी आहे : ‘नॉट टू बी सोल्ड बाय रिटेल विदाउट द प्रिस्क्रिप्शन ऑफ अ रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर.’ यात ‘द’ आणि ‘अ’ जागच्या जागी आहेत. तिच्याच शेजारी ‘प्रोटेक्ट फ्रॉम लाइट’ असे लिहिलेले असते आणि तेथे कशाला जपायचे ते कर्मच नाही, कारण वस्तू वाचणाऱ्याच्या हातात आहे. मराठीत ‘उजेडापासून जपून ठेवा’ म्हटले तरी पुरते, त्यामुळे कर्म गाळण्याची ही सवय आपल्याकडे आधीपासूनच असते. ‘फाइल पाठवलीस का?’ याला ‘हो, पाठवली’ हे पूर्ण उत्तर आहे. म्हणून गटातले सगळे ‘येस, आय सेंट’ म्हणून थांबतात, तेथे ‘इट’ लागतो. पट्टीच्या कार्डावर ताईंनी स्वतःच खाली जोडले : रुग्णाच्या नातेवाइकाला सांगताना ‘प्लीज प्रोटेक्ट इट फ्रॉम लाइट.’

रेल्वे स्थानकावरची घोषणा याहून उपयोगी ठरली. मराठीत ‘झालेल्या गैरसोयीबद्दल’ असे ऐकू येते आणि इंग्रजीत ‘द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.’ मराठीत ‘झालेल्या’ हे नामाच्या आधी येते, इंग्रजीत ‘कॉज्ड’ नामानंतर आला आहे. डिस्पॅचच्या कामात हा साचा रोज लागतो. ‘डॅमेज्ड गुड्स’ असे आधी चालते, पण ‘वाहतुकीत खराब झालेला माल’ म्हणायचे तर ‘गुड्स डॅमेज्ड इन ट्रान्झिट’ असेच म्हणावे लागते, कारण शेपटीला आणखी शब्द जोडले की तो सगळा गट नामाच्या मागे जातो. आमच्याकडे आलेल्या जुन्या चलनांवर ‘डॅमेज्ड इन ट्रान्झिट गुड्स’ असे लिहिलेले होते. हा एक साचा बसला आणि ‘द इन्व्हॉइस रेझ्ड ऑन मंडे’, ‘द अमाउंट पेड बाय चेक’ अशी वाक्ये तरुणाने आपणहून लिहून दाखवली.

२७ जून

कार्डे काळांनुसार लावण्याचा बेत मोडला. एका वाक्यात दोन-तीन काळ असतात, मग ते कोणत्या खोक्यात टाकायचे यावर वाद होतात आणि वाद मिटला तरी नंतर ते कार्ड शोधून सापडत नाही. सर्व खोकी रिकामी करून कार्डे आता मुख्य क्रियापदानुसार लावली आहेत.

ही कल्पना आमची नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८०च्या दशकात प्रत्यक्ष वापरातले इंग्रजी संगणकावर जमवून त्यावरून कोश रचण्याचे काम झाले आणि तो कोश १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात शब्दाचा अर्थ पूर्ण वाक्यात दिलेला असतो, म्हणजे शब्द कोणाच्या संगतीत बसतो ते अर्थाबरोबरच दिसते. रचना शब्दाला चिकटून येते, ही त्या कामामागची धारणा आमच्या खोक्यांना फार उपयोगी पडली. माझे मत असे झाले आहे की मराठी माणसाचे इंग्रजी काळात जितके अडते त्यापेक्षा पुष्कळ जास्त क्रियापदाच्या शेजाऱ्यांत अडते.

८ जुलै

‘मला’चा गठ्ठा. मला सांग, मला समजाव, मला सुचव, मला विचार : मराठीत चारही ठिकाणी ‘मला’ एकाच जागी बसतो. इंग्रजीत ‘टेल मी’ आणि ‘आस्क मी’ चालते, ‘एक्सप्लेन मी’ चालत नाही, तेथे ‘एक्सप्लेन इट टू मी’ लागते. आणि ‘सजेस्ट मी अ बुक’ ऐवजी ‘सजेस्ट अ बुक’ किंवा ‘कॅन यू सजेस्ट अ बुक फॉर मी’ असे म्हणतात. नियम म्हणून सांगितले तर हे लक्षात राहत नाही, कारण यामागे आठवणीत ठेवण्यासारखे तर्कशास्त्र नाही. एकाच शब्दाची अनेक वाक्ये एकाखाली एक पाहिली तर मात्र डोळ्यांना सवय होते.

हाताने इतकी वाक्ये शोधणे शक्य नाही, म्हणून टोकियोच्या वासेदा विद्यापीठातील लॉरेन्स अँथनी यांनी तयार केलेला अँटकॉन्क हा मोफत प्रोग्राम संगणकावर घेतला. त्यात साध्या मजकुराच्या फाइली भरून शब्द शोधला की तो शब्द मधल्या रकान्यात आणि त्याच्या मागचापुढचा मजकूर दोन्ही बाजूंना, अशा ओळी दिसतात. मग ओळी उजवीकडच्या शब्दानुसार लावायच्या. हे करण्याआधी नुसत्या ओळी पाहून काहीच उमगत नव्हते. लावल्यावर ‘सजेस्ट’च्या उजवीकडे ‘दॅट’चा जाड पट्टा उमटला आणि जेथे व्यक्तीचा उल्लेख होता तेथे आधी ‘टू’ होता. स्पर्धा परीक्षेच्या मुलीने तो पडदा पाहून विचारले की मग शाळेत आम्ही कशावरून लिहीत होतो. तो प्रश्न रास्त आहे.

१६ जुलै

मजकूर कोठला घ्यायचा हा पुढचा प्रश्न होता. हक्कांची अडचण नको, भाषा प्रौढ हवी आणि बोललेली हवी, म्हणून संविधान सभेच्या चर्चा निवडल्या. ९ डिसेंबर १९४६ पासूनची ही भाषणे सार्वजनिक आहेत आणि विषय आपल्या घरचा आहे. हिंदुस्थानीत झालेल्या भाषणांचे इंग्रजी भाषांतरही त्यांत छापलेले असते. ते वेगळे काढले, कारण आपल्याला मूळ इंग्रजीत बोललेलेच वाक्य हवे.

जुन्या छापील पानांच्या पीडीएफमधून काढलेल्या मजकुराने फार वेळ खाल्ला. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द संयोगचिन्हासह दोन तुकड्यांत राहतो आणि प्रोग्राम ते दोन वेगळे शब्द धरतो. पानाचा मथळा वाक्याच्या मध्येच घुसतो. उपाय साधा निघाला. ओळीच्या शेवटचे संयोगचिन्ह आणि त्यापुढची नवी ओळ एकाच वेळी शोधून दोन्ही काढून टाकायची, मग पानांचे मथळे काढायचे आणि शेवटी नमुन्यादाखल काही पाने डोळ्यांखालून घालायची. ही सफाई शोध सुरू करण्यापूर्वी करावी. आम्ही नंतर केली, त्यामुळे आधी काढलेल्या सगळ्या ओळी पुन्हा काढाव्या लागल्या.

२४ जुलै

आतापर्यंतच्या कामातले सर्वांत मोलाचे पान आज हाती लागले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत केलेल्या भाषणातला तो प्रसिद्ध परिच्छेद गटाने एकत्र वाचला आणि पूर्ण संध्याकाळ त्यावरच गेली.

पहिले वाक्य : ‘ऑन द ट्वेन्टी-सिक्स्थ ऑफ जॅन्युअरी नाइन्टीन फिफ्टी, वी आर गोइंग टू एन्टर इन्टू अ लाइफ ऑफ कॉन्ट्रडिक्शन्स.’ लगेच पुढे : ‘इन पॉलिटिक्स वी विल हॅव इक्वॅलिटी अँड इन सोशल अँड इकॉनॉमिक लाइफ वी विल हॅव इनइक्वॅलिटी.’ आणि त्यानंतर ‘वी विल बी रेकग्नाइझिंग’ असा तिसरा प्रकार. भविष्यकाळ म्हणजे शॅल किंवा विल, एवढेच शिकलेल्या गटासमोर एकाच वक्त्याने एका दमात भविष्याची तीन रूपे ठेवली होती. तारीख ठरलेली आहे, प्रवेश होणार हे नक्की आहे, तेथे ‘गोइंग टू’. त्या जीवनात काय असेल हे सांगताना ‘विल हॅव’. आणि प्रत्यक्ष व्यवहारात जे चालू राहील त्यासाठी ‘विल बी रेकग्नाइझिंग’. मराठीत ‘प्रवेश करणार आहोत’, ‘समता असेल’ आणि ‘मान्य करत असू’ असा फरक आपण रोज करतो, तो करताना आपल्याला कोष्टक आठवावे लागत नाही. गटाने ही तिन्ही मराठी रूपे स्वतःच शोधली आणि ‘णार आहे’समोर ‘गोइंग टू’ची चिठ्ठी लावली. ही जोडी प्रत्येक ठिकाणी तंतोतंत बसणार नाही, पण सुरुवातीला आधार म्हणून ती चांगली आहे.

‘एन्टर इन्टू’वर रोखपाल ताईंनी हरकत घेतली, कारण ‘एन्टर’नंतर ‘इन्टू’ लावणे चूक, असे त्यांना शाळेत शिकवले होते. खोलीच्या बाबतीत ते खरे आहे, ‘एन्टर द रूम’ एवढेच म्हणतात. करार, चर्चा, जीवन अशा गोष्टींत शिरताना मात्र ‘एन्टर इन्टू’ हेच रूढ आहे आणि त्यांच्याच पतसंस्थेच्या कर्जपत्रात ‘एन्टर इन्टू अॅन अॅग्रीमेंट’ असे छापलेले निघाले. दोन्ही कार्डे आता एकाखाली एक आहेत.

पुढचे वाक्य जर-तरचे आहे : ‘इफ वी कन्टिन्यू टू डिनाय इट फॉर लाँग, वी विल डू सो ओन्ली बाय पुटिंग अवर पोलिटिकल डेमॉक्रसी इन पेरिल.’ येथे मराठीशी होणारी गल्लत नेमकी कळली. आपण ‘नाकारत राहिलो तर’ म्हणतो, म्हणजे पुढच्या गोष्टीच्या अटीसाठी भूतकाळाचे रूप वापरतो. इंग्रजीत त्या जागी साधा वर्तमानकाळ येतो. गटातले काही ‘इफ ही केम टुमॉरो, आय विल गिव्ह’ असे का लिहितात याचे उत्तर मिळाले. ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ नाही, उरलेल्या बाजूला आहे, हे सर्वांनी त्या कार्डावर रंगीत पेन्सिलीने खूण करून ठेवले.

त्याच परिच्छेदात ‘अ’, ‘धिस’, ‘द’ यांची सगळी चालही आहे. विषय प्रथम काढताना ‘अ लाइफ ऑफ कॉन्ट्रडिक्शन्स’, पुढे त्याकडेच बोट दाखवताना ‘धिस लाइफ ऑफ कॉन्ट्रडिक्शन्स’, आणि ‘इक्वॅलिटी’ हा गुणच असल्याने त्याआधी काहीच नाही. अशा नोंदी अन्यत्र तुकड्या-तुकड्यांनी मिळाल्या असत्या. येथे त्या एका विचाराला जोडलेल्या आहेत आणि तो विचार ऐकणाऱ्याला जागा करणारा आहे, म्हणून त्या मनात राहतात.

२ ऑगस्ट

‘शॅल’चे उरलेले काम. ‘आय आणि वीला शॅल, बाकीच्यांना विल’ हे पाठ केलेले सूत्र संविधानाच्या पहिल्याच पानांत कोलमडते. अनुच्छेद २१ म्हणतो : ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी एक्सेप्ट अकॉर्डिंग टू प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ.’ हा ‘शॅल’ भविष्य सांगत नाही, बंधन घालतो. ‘प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ’ पाहून डिस्पॅचच्या तरुणाने ‘गुड्स डॅमेज्ड इन ट्रान्झिट’चे कार्ड काढून शेजारी ठेवले. साचा तोच आहे.

१३ ऑगस्ट

ज्याची मला काळजी होती तो प्रश्न अखेर आला. गटातल्या एकाने कार्यालयात आलेल्या पत्रातले ‘वी विल डिस्कस अबाउट द मॅटर’ हे कार्ड आणले आणि म्हणाला की हे खऱ्या वापरातलेच आहे, मग ते घ्यायचे की नाही. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही, तरी वापर खरा आहे हे नाकारता येत नाही. पण तो वापर कोणाचा, हे न पाहता कार्ड खोक्यात टाकले तर संग्रह आपल्याच सवयी आपल्याला परत शिकवत बसेल.

यापुढे शंका असलेली प्रत्येक रचना प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या दोन मोठ्या संगणकीय संग्रहांत पडताळायची असे ठरले : ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आणि कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश. ब्रिटिश संग्रहात सुमारे १० कोटी शब्द आहेत आणि त्यांतला दहावा हिस्सा बोललेल्या भाषेचा आहे; अमेरिकन संग्रहात १९९० पासूनचे १०० कोटींहून अधिक शब्द आहेत. दोन्हींकडे नाव नोंदवून मर्यादित शोध विनामूल्य करता येतो. एखादी रचना तेथे नगण्य आणि आपल्याकडे सर्रास दिसली, तर कार्डाच्या कोपऱ्यात ‘भा’ (म्हणजे भारतीय) असे लिहून ते ठेवायचे. ‘प्रीपोन’ला ‘भा’ मिळाला आणि तो मी अभिमानाने लिहिला, कारण बैठक अलीकडे आणण्यासाठी इतका नेटका शब्द दुसरा नाही. ‘डिस्कस अबाउट’लाही ‘भा’ मिळाला, पण परीक्षेत आणि परदेशी ग्राहकाला लिहिताना तो टाळायचा, असे त्याखाली लिहिले.

२३ ऑगस्ट

आज पहिला राष्ट्रीय अंतराळ दिन आहे, म्हणून ‘हॅव’चा गठ्ठा मुद्दाम आज काढला. मागच्या वर्षी याच तारखेला चांद्रयान-३ उतरले तेव्हा इस्रोने दिलेल्या संदेशात दोन वाक्ये होती. यानाच्या तोंडी : ‘इंडिया, आय रीच्ड माय डेस्टिनेशन अँड यू टू!’ आणि त्याखाली : ‘चांद्रयान-३ हॅज सक्सेसफुली सॉफ्ट-लँडेड ऑन द मून.’ ताजी बातमी देताना ‘हॅज लँडेड’. पण ‘बुधवारी उतरले’ असे वेळेसह सांगितले की ‘लँडेड ऑन वेन्सडे’, तेथे ‘हॅज’ चालत नाही. मराठीत ‘तो काल आला आहे’ हे अगदी स्वाभाविक असल्याने ‘ही हॅज कम यस्टरडे’ आपल्या तोंडून सहज जाते. जाता जाता, ‘रीच्ड माय डेस्टिनेशन’मध्ये ‘टू’ नाही हेही सर्वांना दिसले.

दुसरे कार्ड अपोलो १३ या अमेरिकन चांद्रमोहिमेचे होते. एप्रिल १९७० मध्ये उड्डाणानंतर सुमारे ५६ तासांनी प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला आणि अंतराळवीर जॅक स्विगर्ट म्हणाले : ‘ओके, ह्यूस्टन, वी हॅव हॅड अ प्रॉब्लेम हिअर.’ जमिनीवरून पुन्हा सांगायला सांगितल्यावर जिम लॉव्हेल यांनी तेच ‘हॅव हॅड’ उच्चारले. पुढे १९९५ सालच्या चित्रपटात ते ‘वी हॅव अ प्रॉब्लेम’ झाले आणि जगभर तेच पसरले. ‘हॅव’ आणि ‘हॅड’ लागोपाठ येणे ही छपाईची चूक असते, असे गटातले दोघे समजत होते. काहीतरी नुकतेच घडून गेले आहे आणि त्याचा परिणाम आता आपल्यासमोर आहे, एवढे सगळे त्या अंतराळवीरांनी दोन छोट्या शब्दांत सांगितले होते.

एक व्यावहारिक सूचना : अशा ध्वनिमुद्रणांसाठी यंत्राने आपोआप दिलेल्या उपशीर्षकांवर विसंबू नये. बोलताना ‘हॅव’ आखडून नुसता ‘व्ह’ उरतो, तो यंत्र गाळते आणि नेमका शिकायचा भागच नाहीसा होतो. नासाने टंकलिखित केलेली संभाषणे उपलब्ध आहेत, ती घ्यावीत.

१२ सप्टेंबर

‘अ’ आणि ‘द’ यांच्यात अजून गती नाही. मोठ्या परिच्छेदातले सगळे ‘अ’ आणि ‘द’ पुसून पुन्हा भरायचा सराव चालू आहे. पहिला उल्लेख आणि नंतरचा उल्लेख हा भेद आता साधतो. ‘गो टू हॉस्पिटल’ आणि ‘गो टू द हॉस्पिटल’ यांत अडते. परिचारिका ताईंच्या कामात हा फरक रोजचा आहे. ब्रिटिश वापरात रुग्ण म्हणून दाखल होणारा ‘गोज टू हॉस्पिटल’, त्याला भेटायला जाणारा ‘गोज टू द हॉस्पिटल’. अमेरिकन वापरात दोघांनाही ‘द’ लागतो. त्यासाठी दोन रंगांची कार्डे केली आहेत. या भागाला इतर सर्व भागांपेक्षा जास्त वेळ द्यावा लागेल असे धरूनच कोणीही सुरुवात करावी.

३० सप्टेंबर

खोकी वाचनालयाच्या संदर्भ विभागात ठेवली आहेत आणि ज्यांना हवी त्यांना कार्डांची झेरॉक्स घेता येते. एकूण खर्च अंदाजापेक्षा वाढून सहाशेच्या पुढे गेला. वाढ मुख्यतः पुन्हा छापलेल्या ओळींची आहे. पुढचा गठ्ठा ‘सिन्स’, ‘फॉर’ आणि ‘फ्रॉम’चा. ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘सोमवारपासून’ यांतला ‘पासून’ एकच असल्याने ‘फ्रॉम टू इयर्स’ हे वाक्य गटात अजून रोज ऐकू येते. त्यासाठी रोखपाल ताई कर्जदारांच्या इंग्रजी अर्जांतल्या रचना नावे आणि खाते क्रमांक वगळून उतरवून आणणार आहेत, आणि त्या ओळींशेजारी ठेवायला संविधान सभेच्या चर्चांतून ‘सिन्स’च्या ओळी काढायचे काम स्पर्धा परीक्षेच्या मुलीने घेतले आहे.